काटा चालू ठेवून दुरुस्ती: हंगामातल्या आवृत्तीत फिक्स मागे कसा न्यायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार जणांची टीम, साखर कारखान्यांसाठी वजनकाटा आणि ऊसबिलाचं सॉफ्टवेअर. ऑक्टोबरमध्ये ३.२ दिलं, ते तीन कारखान्यांत चालू आहे. इकडे मास्टरवर (कोडच्या मुख्य शाखेवर) ४.० चं काम सुरू झालंय आणि निम्मा डेटाबेस बदललाय. काट्यावरून तक्रार आली की फिक्स (दुरुस्ती) मास्टरवर होतो, पण ४.० देण्यासारखं नाही. मग बदललेल्या फायली हाताने उचलून कारखान्याच्या सर्व्हरवर टाकल्या जातात. आता कुठल्या कारखान्यात नक्की कोणता कोड चालतोय, हे टीममध्ये कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. ब्रँच (कोडच्या शाखा) कशा ठेवायच्या, फिक्स आधी कुठे करायचा, आणि मर्ज करायचं (एक शाखा दुसरीत पूर्ण मिसळायची) की चेरी-पिक (एकच बदल उचलून न्यायचा)?

सोलापुरात बसून मी अठरा वर्षं हेच काम करतोय, त्यातली शेवटची बारा गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर. आपल्या जिल्ह्यात कारखाने इतके आहेत की एकदा गाळप सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत फोन खाली ठेवता येत नाही. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कमांड जशा तोंडाने म्हणतो तशाच देवनागरीत लिहिल्यात; टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

आधी सरळ उत्तर. ग्राहकाच्या हातात गेलेल्या प्रत्येक आवृत्तीसाठी एकच ब्रँच ठेवा, रिलीज/३.२ अशा नावाची. ती ३.२.० च्या टॅगवरून (त्या वेळच्या कोडला दिलेल्या कायमच्या नावावरून) काढा. फिक्स आधी मास्टरवर करा, एका कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलात) एकच, आणि तिथून चेरी-पिकने रिलीज ब्रँचवर न्या. रिलीज ब्रँचवर मास्टर कधीही मर्ज करू नका. बाकी सगळं याचंच स्पष्टीकरण आहे, पण ते वाचल्याशिवाय कामाला लागू नका, कारण यातली खरी अडचण कमांडमध्ये नाही.

टॅग केला नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून केलेला नाही असं वाटतंय, तर आजही करता येतो. ज्या कमिटवरून ऑक्टोबरचा बिल्ड (ग्राहकाकडे बसवायची तयार प्रत) काढला ती शोधा आणि 'गिट टॅग -ए व्ही३.२.०' पुढे तिचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, द्या. मग 'गिट स्विच -सी रिलीज/३.२ व्ही३.२.०'. झाली ब्रँच. ही कमिट शोधायला अर्धा दिवस गेला तर पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या: बिल्ड काढताना 'गिट डिस्क्राइब'चं (जवळचा टॅग आणि हॅश सांगणाऱ्या कमांडचं) उत्तर प्रोग्रॅममध्ये भरा आणि ते 'माहिती' खिडकीत दिसू द्या. आमच्याकडे काटा क्लार्क फोनवर पहिल्यांदा तेवढंच वाचून दाखवतो. पुढचं बोलणं निम्म्या वेळात संपतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या पुढच्या वाक्यातून ती डोकावतेय. 'तिन्ही कारखान्यांच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून प्रत्येकाची वेगळी ब्रँच करावी का?' नका करू. आम्ही हे केलं होतं. एका कारखान्याची पावती आडवी, दुसऱ्याची उभी. एकाकडे तोडणी-वाहतुकीचे दर अंतरावर, दुसऱ्याकडे गटावर. तिसऱ्याकडे बैलगाडीचा काटा वेगळा. पहिल्या वर्षी फार सोयीचं वाटलं. ज्याचं त्याला देऊन मोकळं. तिसऱ्या हंगामात सात ब्रँच झाल्या. बिलातल्या पूर्णांकाचा एक साधा फिक्स सात ठिकाणी न्यायचा होता. चार ठिकाणी तो जसाच्या तसा बसला, दोन ठिकाणी कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला, आणि सातव्या ठिकाणी आम्ही तो न्यायलाच विसरलो. तिथल्या शेतकऱ्यांच्या बिलात पुढचे दोन पंधरवडे रुपया-दोन रुपयांचा फरक येत राहिला. रक्कम लहान होती, पण शेतकी विभागात उभं राहून उत्तर देताना ती लहान वाटत नाही. कारखान्या-कारखान्यातला फरक सेटिंगमध्ये किंवा डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवा. ब्रँच ही काळासाठी असते, माणसासाठी नव्हे.

हेच दराबाबत. एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) दर हंगामाला केंद्र सरकार ठरवतं: २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, २०२५-२६ ला ३५५ झाला. मळीवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२३ मध्ये २८ टक्क्यांवरून ५ वर आला, तोही नेमका हंगामाच्या तोंडावर. ज्यांनी २८ हा आकडा कोडमध्ये लिहून ठेवला होता, त्यांना त्या आठवड्यात प्रत्येक जिवंत आवृत्तीत बॅकपोर्ट करावा लागला, म्हणजे बदल मागे न्यावा लागला. ज्यांच्याकडे दर तारखेसह टेबलमध्ये होता, त्यांनी एक ओळ भरली. बॅकपोर्ट कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे, आणि त्याचा गिटशी काही संबंध नाही.

मग रिलीज ब्रँचवर काय जाऊ द्यायचं? लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) स्टेबल, म्हणजे बाहेर दिलेल्या आवृत्तीत दुरुस्त्याच घेणाऱ्या शाखेचे नियम यासाठी वाचण्यासारखे आहेत. २००५ पासून ती शाखा चालू आहे आणि नियम मोजके आहेत: बदल आधी मुख्य शाखेत गेलेला असला पाहिजे, त्याने लोकांना खरोखर त्रास देणारा बग दुरुस्त झाला पाहिजे, आणि आजूबाजूच्या ओळी धरून तो १०० ओळींपेक्षा मोठा नसावा. 'असं होऊ शकेल' म्हणून केलेल्या दुरुस्त्या तिथे घेत नाहीत. मी आमच्यापुरती चाळणी याहून सोपी केलीय. वजन चुकतंय, पैसे चुकतायत, काटा थांबतोय, की कायद्याने आजच बदलणं भाग आहे? यातलं एक जरी असेल तर मागे न्या. रिपोर्टचा रंग, बटणाची जागा, 'साहेबांना आवडेल' असली सुधारणा, हे सगळं ४.० मध्ये. साहेबांना हे तोंडावर सांगावं लागतं. मी सांगतो, आणि आजवर कुणी त्यामुळे काम काढून घेतलेलं नाही. हंगामात काटा बंद पडणार नाही, हीच त्यांचीही इच्छा असते.

फिक्स आधी कुठे, यावर दोन घराणी आहेत आणि दोन्ही शहाण्या लोकांची आहेत. कर्नलवाले मास्टरवर आधी करतात, मग मागे नेतात. खुद्द गिटचा प्रकल्प मात्र उलट चालतो: दुरुस्ती जुन्यात जुन्या सांभाळल्या जाणाऱ्या शाखेवरून फुटलेल्या ब्रँचवर करायची आणि तिथून मर्ज करत वर आणायची. दुसऱ्या पद्धतीचा मोठा फायदा असा की कमिट एकच राहते, तिची प्रत होत नाही. 'गिट ब्रँच --कंटेन्स' विचारलं की फिक्स कुठे कुठे पोचला याचं उत्तर गिट स्वतः देतं. चेरी-पिकमध्ये प्रत्येक ठिकाणी नवा हॅश तयार होतो आणि गिटच्या लेखी त्या वेगवेगळ्या कमिट असतात.

तरीही तुम्हाला मी मास्टर-आधी सांगतोय, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक, तुमच्या मास्टरवर डेटाबेसची मांडणीच बदललीय. ३.२ वरून वर मर्ज करत राहिलात तर दर वेळी तेच तेच कॉन्फ्लिक्ट सोडवावे लागतील. आवृत्तीचा आकडा बदलणारी कमिटसुद्धा वर येईल आणि तिला 'मर्ज -एस अवर्स' करून निष्प्रभ करावं लागेल. हे सगळं नीट जमायला टीममध्ये एक तरी माणूस रोज मर्ज करणारा लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रात्री साडेबाराला ३.२ वर केलेला फिक्स वर न्यायचा राहून गेला, तर तो बग ४.० मधून पुढच्या हंगामात परत येतो. मागच्या वर्षी मिटलेली तक्रार तोच क्लार्क पुन्हा सांगतो तेव्हा त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला दोन हंगाम लागतात. मास्टर-आधी हा नियम असेल तर असं विसरणं शक्यच होत नाही, कारण मास्टरवर नसलेली गोष्ट मागे नेताच येत नाही.

अपवाद एकच. बग ३.२ मध्ये आहे पण मास्टरवर तो कोडच उरलेला नाही. तेव्हा रिलीज ब्रँचवर थेट कमिट करा आणि संदेशात स्पष्ट लिहा: 'मास्टरवर लागू नाही, कारण हे मॉड्यूल काढून टाकलं आहे.' ही एक ओळ नसेल तर सहा महिन्यांनी कुणीतरी ती मास्टरवर न्यायला बसेल.

आणि दोन्ही शाखा अजून फार लांब गेलेल्या नसतील तर एक मधली वाटही आहे. 'गिट मर्ज-बेस रिलीज/३.२ मास्टर' दोघींचा शेवटचा समाईक पूर्वज सांगतं. त्या ठिकाणाहून छोटी ब्रँच काढायची, फिक्स करायचा आणि ती दोन्हीकडे मर्ज करायची. हंगामाच्या पहिल्या महिन्यात मी हेच करतो. डिसेंबर उजाडला की चेरी-पिक.

आता फिक्सची कमिट कशी असावी. 'काट्याचे फिक्स आणि इतर' अशा नावाच्या कमिटमध्ये तीन बग, दोन नावं बदललेली व्हेरिएबल आणि शेकडो ओळींचं रिकाम्या जागांचं नीटनेटकं केलेलं फॉर्मॅटिंग असेल, तर ती मागे नेता येत नाही. तिच्यातला नेमका भाग रात्री हाताने वेगळा करावा लागतो आणि तिथेच चूक होते. म्हणून फिक्स करताना आजूबाजूचा कोड सुधारण्याचा मोह आवरा. सुधारायचंच असेल तर फिक्स आधी, सुधारणा नंतरच्या कमिटमध्ये. एकाच फाइलमध्ये दोन्ही झालं असेल तर 'गिट अ‍ॅड -पी' तुकडे दाखवतं, त्यातले फिक्सचे तेवढे घ्या.

संदेशात लक्षण लिहा, कारण लिहा, आणि बग कोणत्या कमिटने आला ते लिहा. शेवटचं शोधायला 'गिट ब्लेम' पुरतं. ओळ इकडून तिकडे हलली असेल तर 'गिट लॉग'ला मोठ्या एसचा पर्याय देऊन तो शब्द कोणत्या कमिटमध्ये आला-गेला ते बघा. हे कळलं की 'गिट टॅग --कंटेन्स' पुढे त्या बगवाल्या कमिटचा हॅश द्या. ज्या टॅगची नावं येतील त्या आवृत्त्यांत बग आहे. बाकीच्यांत साधारणपणे नाही, आणि जिथे बग नाही तिथे फिक्स न्यायचा नाही. साधारणपणे म्हटलं, कारण बगवाली कमिटच कधीतरी चेरी-पिक होऊन मागे गेलेली असू शकते. तेव्हा तिचा हॅश लॉगमध्येही शोधून बघा.

हे किती महत्त्वाचं आहे हे एप्रिल २०१४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत होता, ०.९.८ आणि १.०.० मध्ये तो नव्हताच. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी जुन्या मशिनना हात लावला नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा झाली. मूळ प्रकल्पाने १.०.१जी काढून दोष मिटवला, पण रेड हॅट आणि डेबियन या लिनक्स वितरित करणाऱ्यांनी आपल्या स्टेबल आवृत्तीतल्या १.०.१ई वरच फिक्स बॅकपोर्ट केला. पॅकेजच्या नावात पुढचा आकडा वाढला, पण 'ई' तसाच राहिला. नुसता 'ई' पाहिला तर मशिन अजून उघडंच आहे असं वाटेल. बॅकपोर्ट केला की तो केला आहे हे बाहेरून दिसलं पाहिजे, एवढं यातून घ्या. तुमच्या ३.२ चा शेवटचा आकडा प्रत्येक बॅकपोर्टनंतर वाढलाच पाहिजे: ३.२.१, ३.२.२. एकच फिक्स असला तरी.

प्रत्यक्ष नेताना मी एकाच फोल्डरमध्ये ब्रँच बदलत बसत नाही. 'गिट वर्कट्री अ‍ॅड ../काटा-३२ रिलीज/३.२' केलं की शेजारी दुसरा फोल्डर तयार होतो, त्यात कायम ३.२ उघडलेलं असतं. मास्टरवरचं अर्धवट काम तसंच राहतं आणि चुकीच्या ब्रँचवरून बिल्ड काढण्याची भीती जाते. त्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट चेरी-पिक -एक्स ७३९१८४५'. त्यातला -एक्स विसरू नका. त्याने संदेशाच्या शेवटी ही कमिट मूळ कोणत्या कमिटवरून उचलली ते नोंदलं जातं. पुढे एखादा फिक्स मागे गेलाय का हे शोधताना तीच नोंद उपयोगी पडते. मर्ज कमिट उचलायची वेळ आली तर -एम १ द्यावं लागतं, म्हणजे पहिल्या पालकाच्या तुलनेत झालेला बदल घेतला जातो. पण शक्यतो मर्ज उचलू नका, आतली कमिट उचला.

कॉन्फ्लिक्ट आला तर घाबरून 'दोन्ही बाजू ठेवा' करू नका. आधी 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' या सेटिंगला डिफ३ द्या, म्हणजे तुमचं, त्यांचं आणि मधे मूळ काय होतं हे तिन्ही दिसतं. मूळ दिसलं की निम्मे कॉन्फ्लिक्ट आपोआप उलगडतात. कॉन्फ्लिक्ट बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो: मास्टरवर फिक्सच्या आधी कुणीतरी तो भाग बदललेला असतो. मग ती आधीची कमिटही ओढून आणावी असं वाटतं. ती पाच ओळींची असेल तर आणा. मोठी असेल तर आणू नका, तिच्यामागे तिसरी आणि चौथी येते, आणि बघता बघता निम्मं ४.० तुमच्या ३.२ मध्ये येऊन बसतं. त्यापेक्षा जुन्या कोडला साजेसा फिक्स हाताने लिहा आणि संदेशात काय वेगळं केलं ते सांगा. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा येत असेल तर 'रिरिरी' चालू करा. तुम्ही एकदा दिलेलं उत्तर गिट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी स्वतः भरतं.

कॉन्फ्लिक्ट आला तर निदान आपण थांबून बघतो. मला जास्त धास्ती असते ती कॉन्फ्लिक्ट न येता बसलेल्या फिक्सची. तीन हंगामांपूर्वीची गोष्ट सांगतो.

काट्याच्या इंडिकेटरकडून आकडा यायला कधी कधी उशीर व्हायचा आणि क्लार्क बटण दोनदा दाबायचा. मग भरलेल्या ट्रॅक्टरचंच वजन रिकामं वजन म्हणून नोंदलं जायचं. निव्वळ वजन पाच-दहा किलो, आणि शेतकऱ्याच्या नावावर तेवढ्याच उसाची पावती. मास्टरवर सोपा फिक्स केला: निव्वळ वजन २०० पेक्षा कमी असेल तर पावती थांबवायची आणि पुन्हा वजन घ्यायला सांगायचं. एकच अट, तीन ओळी. चाचणी झाली, रिलीज ब्रँचवर चेरी-पिक केला. कॉन्फ्लिक्ट नाही, कंपाइल झाला, रात्री अकराच्या सुमारास एका कारखान्यावर चढवला.

त्यानंतर एकही पावती निघाली नाही. मास्टरवर आम्ही सगळी वजनं पूर्ण किलोत साठवायला लागलो होतो. रिलीज ब्रँचवर ती अजून टनात होती, तीन दशांशांपर्यंत. व्हेरिएबलचं नाव दोन्हीकडे 'निव्वळ'. आजूबाजूच्या ओळी अक्षरशः सारख्या. गिट मजकूर जुळवतं आणि मजकूर जुळत होता. १८.४६० टन ऊस घेऊन आलेली ट्रॉली २०० पेक्षा कमी, त्यामुळे थांबव. पुढची २१ टनांची, तीही थांबव. अर्ध्या तासात केन यार्डात (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारात) रांग रस्त्यापर्यंत गेली. थंडीत ड्रायव्हर खाली उतरून उभे, मुकादम फोनवर, आणि क्लार्क पावतीपुस्तक काढून हाताने लिहायला लागला. आधीचा बिल्ड मी जवळ ठेवला होता म्हणून पंधरा-वीस मिनिटांत तो परत बसवता आला. हाताने लिहिलेल्या पावत्या मात्र दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे बसून भरल्या, प्रत्येक गाडीचा नंबर ताडून.

त्या रात्रीपासून दोन गोष्टी नियमाने करतो. पहिली: चेरी-पिक करण्याआधी 'गिट लॉग रिलीज/३.२..मास्टर' पुढे दोन डॅश आणि त्या फाइलचं नाव. ब्रँच फुटल्यापासून मास्टरवर त्या फाइलचं काय काय झालं त्याची यादी येते. ती वाचतो. 'वजन किलोत साठवा' ही कमिट तेव्हा त्या यादीत होती. फक्त मी ती पाहिली नव्हती. दुसरी: मास्टरवर झालेली चाचणी मी रिलीज ब्रँचसाठी धरत नाही. वर्कट्रीच्या फोल्डरमध्ये, ३.२ च्या डेटाबेसवर, खऱ्या दिवसाच्या शंभर-दीडशे नोंदी पुन्हा चालवून आधीच्या पावत्यांशी ताडतो. जी पावती बदलायला हवी तीच बदलली आणि बाकीच्या जशाच्या तशा राहिल्या, तरच पुढे जायचं. चाचणीचा कोडही फिक्ससोबत मागे न्या. एककं नावातच लिहायला आम्ही तेव्हापासून लागलो, निव्वळ_किलो, निव्वळ_टन. त्या दिवशी नावं अशी असती तर फिक्स कंपाइलच झाला नसता आणि मी टेबलावरच थांबलो असतो.

हे सगळं कागदावर उतरवून भिंतीला लावा. आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत आमच्यातले दोघे असतात, अक्षता सोहळ्याच्या दिवशी ऑफिसात एकच जण उरतो, आणि कारखाने तर संक्रांतीलाही थांबत नाहीत, उलट गाळप तेव्हाच जोरात असतं. त्या एकट्या माणसाला फोन न करता बॅकपोर्ट करता आला पाहिजे. तो करताना अडला तर माझी पद्धत अपुरी आहे असं मी धरतो आणि दुसऱ्या दिवशी कागद दुरुस्त करतो.

काय मागे गेलं आणि काय राहिलं हे बघायला 'गिट चेरी -व्ही रिलीज/३.२ मास्टर' आहे. मास्टरवरच्या ज्या कमिटचा तोच बदल रिलीज ब्रँचवर पोचलाय तिच्यापुढे वजाचं चिन्ह येतं, बाकीच्यांपुढे अधिकचं. हे हॅशवरून ठरत नाही, बदलाच्या मजकुरावरून ठरतं. म्हणून कॉन्फ्लिक्ट सोडवताना तुम्ही फिक्स थोडा जरी बदलला असेल तरी अधिकच दिसेल, आणि तिथे -एक्सची ओळ कामी येते: रिलीज ब्रँचच्या लॉगमध्ये 'गिट लॉग --ग्रेप' करून मूळ हॅश शोधा. मास्टरवर कमिट शेकड्यांनी असतात, त्यामुळे मागे न्यायच्या कमिटच्या शीर्षकाला आम्ही ठरलेला शब्द लावतो आणि दर शनिवारी तेवढ्याच बघतो. दहा मिनिटांचं काम आहे.

ब्रँच कधी मिटवायची, हेही आजच ठरवा. चार माणसांना दोनपेक्षा जास्त जिवंत आवृत्त्या सांभाळता येत नाहीत, हा माझा अनुभव. गाळप संपलं, शेवटची बिलं निघाली, ४.० बसलं, की ३.२ ला शेवटचा टॅग द्या आणि कारखान्यांना लेखी कळवा की यापुढे ३.२ वर दुरुस्ती नाही.

आता तुमची आजची स्थिती, कारण तिन्ही सर्व्हरवर हाताने टाकलेल्या फायली आहेत आणि त्यांच्यावर नवा बिल्ड चढवला तर आधीचे फिक्स पुसले जातील. तुमचा सगळा कोड स्क्रिप्ट स्वरूपात सर्व्हरवर जातो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे शक्य आहे. व्ही३.२.० वरून तीन वर्कट्री काढा, प्रत्येकीत एक तात्पुरती ब्रँच. प्रत्येकीवर त्या त्या कारखान्याच्या सर्व्हरवरच्या फायली कॉपी करून टाका आणि 'गिट डिफ' बघा. ओळींच्या शेवटच्या खुणांमुळे सगळी फाइलच बदललेली दिसली तर रिकाम्या जागा दुर्लक्षित करणारा पर्याय द्या. जे उरेल ते तुम्ही ऑक्टोबरपासून तिथे केलेले बदल. 'अ‍ॅड -पी'ने एकेक बदल वेगळा करून कमिट करा. तिन्हीकडे असलेले बदल आधी घ्या. प्रत्येकाची मास्टरवरची जोडीदार कमिट शोधून ती -एक्सने रिलीज/३.२ वर आणा. एकाच कारखान्यात सापडलेला बदल असेल तर क्लार्कला फोन करून तो का केला होता ते विचारा, आणि त्याने सांगितलेलं कमिटच्या संदेशात लिहा. मास्टरवर जोडीदार सापडलाच नाही, तर तो बग ४.० मध्ये अजून जिवंत आहे असं धरून आधी तिथे दुरुस्त करा. तिन्ही डिफ रिकामे होईपर्यंत कुठल्याही सर्व्हरला हात लावू नका. त्यानंतर ३.२.१ चा टॅग द्या आणि तोच बिल्ड तिन्ही ठिकाणी बसवा, एका दिवसात एकच कारखाना, पाळी बदलताना, आधीचा बिल्ड शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून.